मीरशॉम पाइपची ओढ: दगडाला हात न लावता

मीरशॉम या पांढऱ्या दगडाचा तंबाखूचा पाइप नीट ओढत नाही, हवा मोकळी येत नाही, असं वाटलं की तो रिकामा, थंड आणि कोरडा असताना ओठांत धरा, डोळे मिटा, हळू श्वास आत घ्या आणि ऐका. बारीक शीळ वाजली तर हवेच्या वाटेत कुठंतरी पायरी आहे. आवाज काहीच नाही पण गाल आत जातायत, तर वाट बुजलीय. कोरडा असताना ठीक चालतो आणि पेटवल्यावर निम्म्यात गुळगुळ करायला लागतो, तर ओल साठायला आत पोकळी आहे. एवढं ऐकून घेतल्याशिवाय मी कानशीला हात लावत नाही.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या घोड्या, तारा ज्यांवर टेकतात त्या, घासण्यात, जवारी म्हणजे तारेचा घुमारा काढण्यात माझी छत्तीस वर्षं गेली. पाइपचं काम माझ्याकडे आलं ते सांगलीच्या एका डॉक्टरांमुळे. ते तंबोरा घेऊन यायचे आणि खिशात पांढरा पाइप असायचा. एकदा म्हणाले, "हाडाची घोडी इतकी बारीक घासता, तर याचं एवढं बघा की." तेव्हापासून त्यांचे पाच पाइप आणि त्यांच्या ओळखीच्यांचे दहा-बारा माझ्या हाताखालून गेले. मी स्वतः तंबाखू सोडून बावीस वर्षं झाली, आणि कुणी विचारलं तर सोडा असंच सांगतो. पण वस्तू सुंदर आहे. चुकीच्या हातात ती एका दुपारी मरते, ते मला बघवत नाही.

आधी दगडाविषयी. मीरशॉम या जर्मन शब्दाचा अर्थ समुद्राचा फेस. त्यामुळे आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो तोच हा, असं समजून एकानं त्याची पूड पाइपच्या चिरेत भरून आणली होती. दुकानातला समुद्रफेस म्हणजे माकुळ जातीच्या जलचराचं हाड, चुन्याच्या जातीचं. मीरशॉम हे खनिज आहे, मॅग्नेशियम आणि सिलिकाचं, त्यात पाणी धरलेलं. गंमत अशी की या खनिजाचं शास्त्रीय नाव सेपिओलाइट, आणि १८४७ साली ग्लॉकर या जर्मन खनिजतज्ज्ञानं ते ठेवलं ते त्या माकुळाच्या हाडासारखं दिसतं म्हणूनच. म्हणजे घोटाळा एकट्या आपलाच नाही.

चांगला दगड तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या आसपास जमिनीतून गड्ड्यांनी निघतो. कोरडा असला की इतका सच्छिद्र की पाण्यावर तरंगतो. ओला केला की मऊ पडतो, आणि कारागीर तो ओला असतानाच कोरतात. मग वाळवून मधमाश्यांच्या मेणात मुरवतात. हे तीन गुण डोक्यात ठेवा: पितो, ओला झाला की मऊ पडतो, वाळला की ठिसूळ होतो. पुढचं सगळं यातूनच निघतं. वाळलेला असतानाही तो नखाच्या कडकपणाच्या आसपासच असतो, जोर लावला तर नखाचाही ओरखडा उठतो. पोलादाचं अवजार आत घातलं तर काय होईल ते सांगायला नको.

माझं या कामातलं मत एकच आहे. ओढ बिघडण्याचं कारण दगडात जवळजवळ कधीच नसतं. ते दांडीत, म्हणजे ओठांत धरायच्या नळीत असतं, सांध्यात असतं, नाहीतर मळात असतं. म्हणून अवजार दांडीवर चालवायचं. दगडावर फक्त कागद, कापूस आणि मेण.

दांडी काढणं हीच पहिली परीक्षा. पाइप पूर्ण थंड हवा, म्हणजे ओढून झाल्यावर निदान दोन-तीन तास. वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, धरून पिळायचं नाही. डाव्या हातानं मान धरायची, वाटीला जोडलेली दगडाची नळी असते ती, अगदी सांध्यालगत. उजव्या हातानं दांडी फिरवत बाहेर घ्यायची. काहींत आटे असतात, काहींत नायलॉनची खुंटी, दांडीचं मानेत जाणारं टोक, नुसती दाबून बसवलेली असते. दाबून बसवलेली असेल तर घड्याळाच्या दिशेनं फिरवत काढा आणि त्याच दिशेनं फिरवत बसवा, म्हणजे आतली बाही, मानेत बसवलेली ती नळी, आट्यातून सुटत नाही. आट्यांची दांडी उलटी फिरवावीच लागते, तिथं घाई नको.

हे मी चूक करून शिकलो. डॉक्टरांचा दुसरा पाइप दुकानात आला तेव्हा त्यांनी दाराशीच तो विझवला होता. मी बोलता बोलता दांडी फिरवली. गरम असताना आतला चिकटा पातळ असतो, दांडी सैल वाटते, पण मेण आणि दगड दोन्ही नरम असतात. कट्‌ असा आवाज झाला आणि मानेतले दगडाचे आटे पिठासारखे दांडीवर निघून आले. तो जुना पाइप होता, आटे थेट दगडात कापलेले. पुढे त्यात नायलॉनची बाही बसवून दिली, चालतोय आजही, पण ते मूळचे हातानं कापलेले आटे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून दुकानात आलेला पाइप मी आधी गालाला लावून बघतो. कोमट लागला तरी बाजूला ठेवतो.

दांडी निघाली की तीन टप्प्यांत तपासा. नुसत्या दांडीतून श्वास ओढा. मग वाटीच्या मानेला ओठ लावून ओढा. मग जोडून पुन्हा. दांडी एकटी घट्ट ओढतेय, तर दोष तिच्यात. दोन्ही मोकळ्या आहेत पण जोडल्यावर आवळतंय, तर सांधा. मानेतून हवा येत नसेल तर बहुतेक वेळा तो चिकट मळ असतो, आणि पाइप 'बिघडलाय' म्हणून आलेल्या दहातल्या सहा-सात जणांचं काम इथेच संपतं.

मळ काढताना दांडी कशाची आहे ते ओळखायला हवं. अ‍ॅक्रेलिकची असेल तर कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, आणि पाइप क्लीनर, म्हणजे सुती लव गुंडाळलेली बारीक तार. स्पिरिट नको, अ‍ॅक्रेलिकला आत बारीक तडे जातात. काळ्या एबोनाइटला, म्हणजे कडक रबराला, गरम पाणी आणि ऊन दोन्ही वाईट, हिरवट-तपकिरी पडते. अंबरची, म्हणजे दगड झालेल्या पिवळ्या राळेची, जुनी दांडी असेल तर ओलसर क्लीनर आणि संयम, दुसरं काही नाही.

मानेत मात्र पाणी नाही. कोरडे क्लीनर एकामागून एक घाला, शेवटचा पांढरा निघेपर्यंत. फारच घट्ट डांबर बसलं असेल तर क्लीनर स्पिरिटमध्ये बुडवून, दोन बोटांत पिळून, जेमतेम ओलसर करून एकदा फिरवा आणि पाइप दिवसभर उघडा ठेवा. लाकडी पाइपवाले वाटीत मीठ भरून वर स्पिरिट ओततात. ते इथं करू नका. हा दगड सगळं पिऊन घेतो, आतला मळ स्पिरिटबरोबर बाहेरच्या अंगाला येतो आणि वर्षानुवर्षं चढलेला रंग एका रात्रीत डागाळतो. क्लीनर घालताना दुसरी एक सवय लावून घ्या. वाटीच्या तळाशी भोक असतं त्याच्या समोरच्या भिंतीवर टोक आपटू देऊ नका. रोज एक टोचा बसला तर दोन वर्षांत तिथं खड्डा दिसतो. मी अंगठा वाटीत धरतो, टोक अंगठ्याला लागलं की थांबतो.

वाटीतल्या काजळीबद्दल लाकडी पाइपचा नियम इथं उलटा होतो. लाकडाला आतून काजळीचा थर हवा असतो, तो जळण्यापासून वाचवतो. मीरशॉमला तो नको. काजळी तापल्यावर दगडापेक्षा वेगळी फुगते, थर जाड झाला की वाटीला तडा जातो, आणि दगडाचं पिणंही बंद होतं. म्हणून प्रत्येक वेळी थंड झाल्यावर टिश्यू पेपरची सुरळी आत फिरवायची, बस. जुना जाड थर असलाच तर चाकू नाही, खरवडायचा रीमर नाही. ४०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे बारीक घासकागद, बोटाला गुंडाळून, कोरडाच, हलके फिरवायचा. आत पांढरं करायच्या नादाला लागू नका. काळपट राहिला तरी थर गुळगुळीत आणि कागदासारखा पातळ झाला की हात काढून घ्या.

आता खरं काम, ओढ मोकळी करण्याचं.

जुन्या पाइपच्या दांडीत भोक बऱ्याचदा अडीच-तीन मिलिमीटरचं असतं. मोकळी ओढ हवी असेल तर साडेतीनच्या आसपास जावं लागतं. चारच्या पुढं मी जात नाही. तिथून पुढं धूर गरम येतो आणि तंबाखू भराभरा जळतो. ड्रिल मशीन लावायचं नाही. ड्रिलचा बिट, भोक पाडायची सळई, हातातल्या छोट्या चकमध्ये म्हणजे पकडीत धरायचा, तोही घट्ट मुठीत न धरता, आणि दांडीच त्याच्यावर फिरवायची. आधी ३.० चा, मग ३.२ चा, मग ३.५. एकदम मोठा बिट घातला की तो चावतो, दांडी तडकते. अर्धा वेढा, बाहेर, भुसा फुंकायचा, परत अर्धा वेढा. दांडी वाकडी असेल तर वाकणाच्या अलीकडेच थांबायचं. किती खोल जायचं तिथं बिटला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, नाहीतर कळत नाही आणि बिट वाकणावर बाहेर निघतो. अंबरवर बिट चालवूच नका.

वाकणातून पुढं जायला मी आमच्याच धंद्यातला दोरा वापरतो. तंबोऱ्याच्या तारेखाली सुती दोरा सरकवत जवारी जिथं लागते ती जागा शोधतो, त्याच जातीचा जाडसर दोरा. त्याला पॉलिशची पेस्ट लावायची, क्लीनरला बांधून दांडीतून आरपार ओवायचा, एक टोक खिळ्याला बांधायचं आणि दांडी दोऱ्यावर पुढं-मागं ओढायची. शंभर-दीडशे वेळा. आतली वाट आरशासारखी होते. माप फारसं वाढत नाही, पण ओढ जाणवण्याइतकी सुटते. मग दांडी साबणानं धुऊन पूर्ण वाळवायची.

भोकापेक्षाही जास्त फरक पडतो तो दोन टोकांना. दांडीच्या खुंटीचं टोक चौकोनी कापलेलं असतं, हवा तिथं धडकते. शिळेचं मूळ बहुतेक इथेच. खुंटीच्या आतली कड गोल कानशीनं थोडी उतरती करा, लहान नरसाळ्याचं तोंड असतं तशी. दुसरं टोक ओठांतलं. तिथली फट आत गेल्या गेल्या अरुंद होते. ६०० नंबरचा वॉटर पेपर दुमडून फटीत घालायचा आणि आतल्या दोन्ही बाजूंनी पंख्यासारखा उतार द्यायचा. घरी फक्त ही दोन टोकं केलीत आणि ड्रिल अजिबात वापरलं नाहीत तरी निम्मं काम होतं. नवख्या माणसाला मी एवढंच करायला सांगतो.

आणि प्रत्येक दोन-चार घासांनंतर ओढून बघा. जवारीचंही असंच. घोडीचं हाड एक घास जास्त गेला की तारेचा आवाज पसरट होतो आणि गेलेलं हाड परत येत नाही. आमचे उस्ताद घोडी थोडी कमीच घासलेली असताना काम थांबवायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी ताज्या कानानं ऐकायचे. मी पाइपही तसाच रात्रभर ठेवतो.

सांध्यातली पोकळी शोधायला कागदाची घट्ट सुरळी करा, मानेत शेवटपर्यंत अलगद घाला, खूण करा आणि खुंटीच्या लांबीशी ताडून बघा. खुंटी दोन-तीन मिलिमीटर तोकडी असेल तर तेवढ्या जागेत धूर थंड होऊन पाणी साचतं, गुळगुळ होते ती तिथं. नायलॉनच्या नळीची तेवढ्याच लांबीची कडी कापा, भोक दांडीइतकंच ठेवा, खुंटीच्या पुढं आत बसवा. चिकटवायची नाही, पुढं साफसफाईला निघायला हवी.

आट्यांची दांडी झिजून जास्त फिरायला लागली, सरळ उभी न राहता तिरकी थांबायला लागली, तर जोर करून मागं आणू नका. कागदाची पातळ गोल चकती कापून सांध्यात घाला. तेवढ्यानं सरळ येते. फारच थोडा फरक असेल तर खुंटीच्या आट्यांना बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक हात, आणि पूर्ण दिवस वाळवणं.

वाटीच्या तळाशी भोक जरा वर पडलेलं आहे, म्हणून ते खाली पाडून द्या, असं म्हणणारे भेटतात. मी नाही म्हणतो. तळाला दगड किती जाड आहे ते बाहेरून दिसत नाही. अशा पाइपमध्ये तळाचा थोडा तंबाखू न जळता राहतो, तो काढून टाकायचा. त्यापेक्षा मोठं नुकसान काही नाही.

मेणाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं लोक फार चुकतात. पॅराफिन म्हणजे मेणबत्तीचं मेण नको, बुटांचं पॉलिश तर नकोच. मधमाश्यांचं मेण हवं, आणि ते आपल्या दारात आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात मधपाळीचं काम जुनं आहे, तिथलं मांघर तर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मी ओळखीच्या मधपाळाकडून पोळ्याचं पिवळं मेण आणतो, पाण्यात वितळवून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळतो, आणि पातळ पापड्या करून चार-पाच दिवस उन्हात ठेवतो. पिवळेपणा उतरतो. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून मेणाचं भांडं सरळ जाळावर ठेवू नका, मोठ्या भांड्यात पाणी आणि पाण्यात मेणाचं छोटं भांडं.

पाइपची दांडी काढून ठेवायची. वाटीच्या तोंडात कापडाचा बोळा, मानेत क्लीनर, म्हणजे मेण आत जाणार नाही. आत मेण गेलं तर पेटवल्यावर पहिले तीन-चार झुरके मेणाचेच लागतात आणि हवेची वाट पुन्हा बुजते. केस वाळवायच्या ड्रायरनं वाटी सगळीकडून सारखी तापवा, हाताला गरम लागेल पण धरवेल इतकी. मऊ ब्रशनं पातळ मेण लावा. दगड ते पिताना दिसतो. ओला चकाकणारा ठिपका बघता बघता कोरडा होतो, जणू फुलपात्रातलं पाणी तापलेल्या फरशीवर सांडलं. पिणं थांबलं की पुन्हा ड्रायर, आणि जुन्या धोतराच्या तुकड्यानं जास्तीचं पुसून घ्या. वर्षातून एकदा पुरे. पुढं रंग चढतो तो आतून, तंबाखूचं तेल दगडातून झिरपत बाहेर येतं, आधी मानेजवळ आणि तळाला, मग वर. फिका गुलाबी, मधासारखा, शेवटी पिकलेल्या सुपारीसारखा. घाई करायची नाही आणि वरून रंग लावायचा नाही. ओढताना तापलेल्या वाटीला बोटं लावली की नरम मेणावर ठसे उमटतात आणि तिथं रंग फाटतो, म्हणून मान धरा.

ओढण्याच्या सवयीचं थोडक्यात, कारण ते डॉक्टरांचं क्षेत्र. ते तंबाखू भरतात तो खाली सैल, वर जरा दाबून. पावसाळ्यात पाऊच उघडला की तंबाखू दमट होतो, तो कागदावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवतात. ओढ घट्ट आहे अशी तक्रार जुलै-ऑगस्टमध्ये जास्त येते, त्यात पाइपचा दोष क्वचितच. राख झाडताना टाचेवर किंवा टेबलाच्या कडेवर ठोकू नका. मान तिथंच तुटते.

राहिला तो महापुरातला पाइप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात डॉक्टरांच्या तळमजल्यावर छतापर्यंत. पाणी उतरल्यावर कपाटाच्या खालच्या खणात त्यांचा सगळ्यात जुना पाइप सापडला, त्यांच्या सासऱ्यांनी इस्तंबूलहून आणलेला. ते तो ओल्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. घरातलं बाकी काही त्यांनी मला सांगितलं नाही. टॉवेल उघडून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले.

दगड पनीरसारखा झाला होता. अंगठ्याचं नख टेकलं तिथं चंद्रकोर उमटली, ती अजून आहे. हवेच्या वाटेत गाळ. असल्या वेळी हात शिवशिवतात, पण ओल्यावर काहीच करायचं नाही. क्लीनर नाही, धुणं नाही, ऊन नाही, पंखासुद्धा नाही. वरचा भाग आधी वाळून आकसला आणि आतला ओलाच राहिला की तडा जाणारच. मी बुटांच्या खोक्याला सुईनं भोकं पाडली, आत कोऱ्या कागदाच्या पट्ट्या अंथरल्या आणि पाइप त्यात ठेवून खोकं सावलीत फळीवर ठेवलं. कागद रोज बदलायचा आणि छोट्या काट्यावर वजन. पहिल्या दिवशी ६१ ग्रॅम भरला. आठवड्यानं ५२. पाचव्या आठवड्यात ३८ वर आला आणि सलग सात दिवस ३८ च राहिला, तेव्हा मी तो वाळला असं धरलं. तोपर्यंत गाळही भुसभुशीत झाला होता. पाइप उलटा धरून मानेवर पेन्सिलीनं हळूहळू टिचकलं, तो पडत गेला. उरलेला मऊ ब्रशनं काढला. अ‍ॅक्रेलिकची दांडी साबणानं धुतली, खुंटीची कड उतरवली, मग दोन वेळा मेण.

ओढून पाहिला तेव्हा आवाज काहीच नव्हता, गालही आत गेले नाहीत. वाटीच्या बाहेर मध्यावर गाळाची एक करडी रेघ राहिली होती, पाणी जिथं थांबलं असेल तिथं. मी ती वॉटर पेपरनं काढून देऊ का असं विचारलं. डॉक्टरांनी पाइप उजेडात फिरवून रेघ बघितली, म्हणाले, "असू दे ती," आणि खिशात टाकला.